गोष्टीतल्या गरीब पोराला रुसू द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

मी वाळवा तालुक्यात तिसरी-चौथीला शिकवते. उसाचा हंगाम सुरू झाला की बीडकडच्या, जतकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या इथं उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी; अंगावर मुकादमाची उचल, म्हणजे मजूर आणणाऱ्याकडून आगाऊ घेतलेले पैसे. दोघं पहाटे उसाच्या फडात गेली की धाकट्याला कडेवर घेऊन आठ वर्षांची थोरली कोपीवर, त्यांच्या झोपडीवर, थांबते. जमलं तर शाळेत येते, धाकट्यासकट.

तिच्या हातात आम्ही गोष्टी कसल्या देतो? आई आजारी, पोरगा कंदिलाच्या उजेडात अभ्यास करतो, सापडलेलं पाकीट परत देतो, मग कुणी दयाळू साहेब त्याची फी भरतात. (सरकारी शाळेत आठवीपर्यंत फी नसते, हे लेखकांना कुणीतरी कळवा.) हा पोरगा कधी चिडत नाही, दुसऱ्याच्या डब्याकडे बघत नाही, बापाशी अबोला धरत नाही. अशीच एक गोष्ट वाचून झाल्यावर एका मुलीनं विचारलं, "बाई, ह्यो अभ्यास करतोय तवा बारक्याला कोण बघतंय?" गोष्टीत बारका होताच, पण लेखक त्याला विसरला होता.

'श्यामची आई' १९३५ साली आलं. त्या घरात कर्ज आहे, दारात येऊन अपमान करणारा सावकाराचा माणूस आहे. आणि श्याम? पोहायला जायचं नाही म्हणून माळ्यावर लपतो, आईचा मार खातो. साने गुरुजींनी त्याला हट्टी राहू दिलं. आपण मात्र त्या पुस्तकातले अश्रू तेवढे उचलले. आताच्या गोष्टींत गरिबी अवकाळी पावसासारखी आभाळातून पडते. उचल कुणी दिली, हिशोब कुणी ठेवला, यावर चकार शब्द नाही. मुलांना हे समजत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी कोपीवरच्या पोरांना उचलीचा आकडा विचारून पाहावा.

'किशोर' मासिक बालभारतीचं, म्हणजे तुमच्याच खात्याचं. सातारा जिल्ह्यातलं भिलार २०१७ पासून सरकारनंच पुस्तकांचं गाव केलंय. तिथं बालसाहित्याच्या लेखकांना बोलवा, आणि परतीच्या वाटेवर एक दिवस फडात थांबवा. शाळांसाठी पुस्तकं निवडणाऱ्या समितीत हंगामी मुलांना शिकवणारे दोन-तीन शिक्षक घ्या. गरीब मूल रुसतं, खोटं बोलतं, खेळतं, अशा गोष्टी निवडा.

टोळ्या दिवाळीच्या आगेमागे येतात. पुस्तकं त्याआधी पोचतील असं बघा.

आपली,
वाळवा तालुक्यातील एक शिक्षिका