पॉप-अपवाल्या काकांना जाहीर थँक्यू

प्रिय काका,

सा. न. वि. वि.

तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, तो पाना दे इकडे" म्हणून विषय बदलता, त्यामुळे शेवटी लेखी देतोय आणि तेही सगळ्यांसमोर, कारण डेट्रॉइटच्या आसपासच्या निम्म्या मराठी लोकांनी मला विचारून झालंय की आमचा तो जुना कॅम्पिंगचा पॉप-अप एवढा मस्त कसा काय झाला आणि किती पैसे घातलेत. दुरुस्तीला सहाशे डॉलरच्या आत गेले. आणि मस्त कसा झाला, तर काकांमुळे झाला, एवढंच खरं उत्तर आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पॉप-अप म्हणजे गाडीच्या मागे लावायचा छोटा ट्रेलर, घडी केलेला असताना साधारण छातीपर्यंत येतो, कॅम्पग्राउंडवर पोचलं की हँडल फिरवून छप्पर वर करायचं, दोन्ही टोकांचे पलंग बाहेर ओढायचे आणि मधे कॅनव्हासच्या भिंती. आम्ही सेकंडहँड घेतला, अठराशेला, आणि घेतला त्याच आठवड्यात बायकोची आणि माझी यादी तयार होती: कपाटं पांढरी रंगवायची, खाली चिकटवायच्या टाइल्स, नवीन पडदे, फेअरी लाइट्स. तुम्ही ती यादी वाचलीत, घडी करून खिशात घातलीत आणि म्हणालात, "छान आहे. ही सगळ्यात शेवटी. आधी पाणी, मग चाकं, मग वीज, आणि मग नटवा काय नटवायचंय ते."

काका, अख्ख्या प्रोजेक्टमधलं सगळ्यात महागामोलाचं वाक्य ते होतं आणि ते फुकट मिळालं.

पाण्याची टेस्ट तर मी आता ज्याला त्याला सांगत सुटलोय. छप्पर वर करून मला टॉर्च आणि पेपर टॉवेल देऊन आत बसवलंत आणि स्वतः बागेचा पाइप घेऊन बाहेर, आणि पाणी वरून नाही मारलंत, खालच्या जोडापासून सुरुवात करून हळूहळू वर वर, प्रत्येक जोडावर दोन-तीन मिनिटं. मी म्हटलं काका डायरेक्ट वरूनच मारा ना, वेळ वाचेल, तर म्हणालात वरून मारलं की सगळीकडूनच ओघळतं, मग गळतंय नेमकं कुठून ते कसं कळणार? आणि खरंच, छपराच्या कोपऱ्यातल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीपाशी पाणी पोचलं आणि आत माझ्या डोक्याच्या वर एक थेंब हळूच मोठा झाला आणि टपकला. इतका आनंद गळतीचा कुणाला झाला नसेल.

त्या पट्टीवर आधीच्या मालकाने सिलिकॉन थापलं होतं, जाडजूड. ते बघून तुमचा चेहरा असा झाला, जणू काकूंच्या चहात मीठ सापडलंय. सिलिकॉनवर नंतर दुसरं काहीच नीट चिकटत नाही, त्यामुळे प्लास्टिकच्या खरवडणीने इंच इंच काढत बसलो, मग मिनरल स्पिरिटने पुसलं, पट्टी काढून खाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), वर स्टेनलेसचे थोडे जाड स्क्रू आणि त्यावर आरव्हीच्या, म्हणजे आत राहता येणाऱ्या गाड्यांच्या, छपराचं लॅप सीलंट. टेप आणि सीलंट मिळून पन्नासच्या आत. हेच आत शिरणारं पाणी आणखी दोन वर्षं तसंच राहिलं असतं तर छपराचं लाकूड गेलं असतं आणि मग ट्रेलर भंगारातच.

फरशीचं पण तेच. दारापाशी पाय दिला की जरा दबायचं, आम्हाला वाटलं जुनं आहे म्हणून असेल. तुम्ही व्हिनाइल उचकटून स्क्रूड्रायव्हर टोचत टोचत गेलात, टक टक टक आणि मग एके ठिकाणी आवाजच नाही, सरळ आत. जिथे लाकूड परत कडक लागलं तिथे पेन्सिलने रेघ मारलीत, आणि कापताना त्या रेघेच्याही दोन इंच बाहेरून कापायला लावलंत. खालून आडव्या पट्ट्या, वर प्लायचा तुकडा, कडांना एपॉक्सी. आमच्या टाइल्स आधी चिकटवल्या असत्या तर सडकं सगळं त्यांच्याखाली झाकलं गेलं असतं, ही गोष्ट तुम्ही बोलून दाखवली नाहीत, पण मला कळली.

चाकांच्या दिवशी मी ऑफिसचं काम बाजूला ठेवून आलो होतो आणि वर्थ होतं. टायर बाहेरून नव्यासारखे दिसत होते, नक्षी पूर्ण शाबूत. तुम्ही गुडघ्यावर बसून बाजूचा नंबर वाचायला लावलात, डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे, 2311, म्हणजे 2011 सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजून मरत नाहीत, उन्हात उभे राहून राहून म्हातारे होतात आणि एक दिवस हायवेवर फुटतात, म्हणून पाच-सहा वर्षांनी बदलायचेच, नक्षी कितीही असू दे. दोन नवीन टायर, एसटी लिहिलेले म्हणजे ट्रेलरसाठीचे, हा या सहाशेतला सगळ्यात मोठा खर्च.

आणि ते बेअरिंग. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत दाबत आपल्याकडे ओढायची, एकदा, दोनदा, परत परत, वरच्या फटीतून ग्रीसच्या बारीक शेवया बाहेर येईपर्यंत, मग थोडं फिरवायचं आणि पुढचा भाग. मशीन मिळतं हो त्याचं दुकानात, पण तुम्ही म्हणालात हाताने केलं की प्रत्येक रोलर कसा आहे ते बोटांना कळतं. चाकाचा नट अडकवणारी कॉटर पिन जुनी परत घालायची नाही. ही पिन तर काही सेंटची असते, तरी तुमच्याकडे डबा भरून! चाळीस वर्षं टूलरूममधे काढलेल्या माणसाचा गॅरेज आणि माझा गॅरेज यात फरक असणारच म्हणा.

वजनाचं मात्र मला आधी जरा अति वाटायचं, ते सांगूनच टाकतो. बाथरूमचा वजनकाटा ट्रेलरच्या दारात ठेवून आत जाणारी प्रत्येक वस्तू तोलायची आणि वहीत लिहायची, कुकरसकट! पण आत कपाटाच्या दाराला लावलेलं स्टिकर दाखवलंत तेव्हा कळलं की या छोट्या ट्रेलरमधे सामान टाकायला जागा दिसते त्यापेक्षा परवानगी कितीतरी कमी असते, आणि त्यात बॅटरी, पाणी सगळं धरायचं. हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतात तिथे, येणारं वजन एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के हवं, कमी असलं तर मागे ट्रेलर डुलायला लागतो. घरच्या काट्यावर तेवढं वजन मावेना तर तुम्ही फळी टाकलीत, एका टोकाखाली वीट, दुसऱ्या टोकाखाली तीन फुटांवर काटा, आणि ट्रेलरचं नाक विटेपासून एक फुटावर टेकवलं, की काटा दाखवेल त्याच्या तिप्पट. शाळेत तरफ शिकलो होतो, उपयोग आत्ता झाला. टाइल्सचा बेत तिथेच रद्द झाला, कारण खोक्याचं वजन बायकोने स्वतःच वहीत लिहिलं आणि स्वतःच खोडलं. त्याऐवजी हलकी चटई आहे, उचलून झटकता येते, ते जास्त बरं निघालं.

विजेचं काम सोपं होतं. जुना एकेक बल्ब दीड अँपिअरच्या आसपास खातो, सहा लावले की नऊ, आणि आमची बॅटरी 75 अँपिअर-अवरची, त्यातली निम्मीच वापरायची नाहीतर बॅटरीचं आयुष्य संपतं, म्हणजे संध्याकाळी लावले की रात्रीच्या जेवणापर्यंत खेळ खल्लास. तसल्याच खोबणीत बसणारे एलईडी घातले, सगळे मिळून दीड अँपिअरसुद्धा खात नाहीत. स्लीपिंग बेअर ड्यून्सच्या डी. एच. डे कॅम्पग्राउंडला विजेचं कनेक्शन नाही, तिथे लाइट आणि बारा व्होल्टचा छोटा पंखा दोन्ही आरामात चालले.

गॅसगळतीचा डिटेक्टर बटण दाबलं की वाजत होता म्हणून मी खूश होतो, तुम्ही उलटा करून मागची मुदत संपल्याची तारीख दाखवलीत आणि सरळ कचऱ्यात टाकलात. नवीन आणलात आणि पैसे घेतले नाहीत. त्याबद्दल आपण खाली बोलू.

आता काकूंचा वाटा, कारण त्यांचं नाव घेतलं नाही तर मला पुढच्या दिवाळीला फराळ मिळायचा नाही. गाद्यांवर टाकायला मेमरी फोम दोनशेला बघत होतो आम्ही, काकू म्हणाल्या घरात गोधड्या असताना? आईने बॅगेतून आणलेल्या दोन गोधड्या, जुन्या सुती साड्यांच्या, कपाटात पडूनच होत्या. त्या पलंगावर अशा बसल्यात की मुलं आता घरी पण तीच मागतात. गादीखाली रात्री ओल धरते, तिथे मुलांच्या खोलीतल्या फोमच्या जोडायच्या चौकोनी टाइल्स टाकल्या, थोडी हवा खेळते. पलंगांच्या छतावर बाहेरून चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेटं क्लिपांनी लावायची ही पण काकूंचीच आयडिया, जुलैमधे दुपारी आत झोपता येतं म्हणजे बघा. कॅनव्हासला ब्लीच लावू नका, शिवणीचा दोरा कुजतो, साधा साबण आणि मऊ ब्रश, आणि पूर्ण सुकल्याशिवाय घडी करायची नाही, पावसात घडी करावीच लागली तर घरी येऊन त्याच दिवशी उघडायचा. अडकणाऱ्या चेनवर मेणबत्ती घासायची. आणि काकूंचा लोखंडी नियम, फोडणी बाहेर! आत एकदा हिंग-मोहरी झाली की कॅनव्हास तो वास पुढच्या सीझनपर्यंत सोडत नाही, शिवाय आत कॅनव्हास आणि आग एकत्र नकोच, आणि रॅकून लोकांना आमंत्रण वेगळं.

इंडियानातल्या एल्कहार्टची ट्रिप हा तर बोनस. अमेरिकेतल्या आरव्हीच्या धंद्याची राजधानी आपल्यापासून गाडीने दुपारपर्यंत पोचण्यासारखी आहे हेच मला माहीत नव्हतं. तिकडच्या सरप्लसच्या दुकानांत कारखान्यांतून उरलेली कड्या-कुलपं, नळ, फोम, दारं असं काय काय पडलेलं असतं, आणि नवीन कॅनव्हास शिवून घ्यायचा तर हजाराच्या वर जातो हे ऐकल्यावर तुम्ही मला हळूच टेअर-एडचं (फाटलेल्यावर लावायच्या चिकट ठिगळाचं) पाकीट दाखवलंत आणि व्हिनाइलला टाइप बी, बाकी कापडाला टाइप ए, उलटं घेतलंस तर चिकटणार नाही, असं तीनदा बजावलंत. बी घेतलं, चिकटलंय, अजून आहे.

तुम्ही खिशातली ती यादी एप्रिलमधे परत दिलीत तेव्हा तिच्यावर ग्रीसचे डाग होते. कपाटं मग एका वीकएंडला रंगवली, आधी चिकट प्रायमर कारण ती खरी लाकडाची नाहीत, वर कागद आहे. फेअरी लाइट्स पण लावल्या. तुम्ही बघून "हं" म्हणालात, आणि तुमचं "हं" आम्हाला आता कळतं.

आता डिटेक्टरच्या पैशांचं, आणि ग्रीस, पिना, पेट्रोल, त्या सगळ्याचं. तुम्ही घेणार नाही हे माहितीये म्हणून लडिंग्टन स्टेट पार्कला सप्टेंबरमधे आमच्या शेजारची साइट तुमच्या नावाने बुक केलीय, विजेवाली, कारण काकूंना रात्री हीटर लागतो. आमचा पॉप-अप तुम्ही दोघांनी वापरायचा, आम्ही तंबूत. नाही म्हणू नका, कॅन्सल केलं तर पैसे कापतात आणि ते तुम्हालाच जास्त लागेल.

तुमचा,
शेजारच्या गल्लीतला पॉप-अपवाला