पुलाआधी सड्याची हद्द ठरू द्या

मा. संपादक,
स.न.

आपल्या पुरवणीत कोकणातल्या जमिनींच्या जाहिराती नेमाने येतात, त्यांच्याबद्दल, आणि सागरी महामार्गाचे पूल होण्याआधी गावांनी आपल्या राया आणि सडे, म्हणजे डोंगरमाथ्याचे उघडे कातळी माळ, कसे राखावेत त्याबद्दल हे पत्र आहे. समुद्र दिसणारे पाच-दहा गुंठ्यांचे तुकडे, आत डांबरी रस्ता, विजेचे खांब, चिऱ्याचं कंपाउंड आणि वर निसर्गाच्या सान्निध्याचं आश्वासन. माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून गेली, त्यातली बरीच वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात. त्यामुळे अशी जाहिरात पाहिली की मला तिच्यामागचा नकाशा दिसतो. गट नंबर कुठला, सामायिक हिस्सेदार किती, पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा, पूर्वी कुठून वाहत होता आणि लेआउटमध्ये तो कुठे नाहीसा झाला, हे सगळं. असे नकाशे एकदा कागदावर उतरले की पुढे चाळीस वर्षांनी काय होतं, ते या ऑगस्टमध्ये मी ऑस्ट्रेलियात पाहून आलो.

लेक ब्रिस्बेनला असते. तिनं आणि जावयांनी आम्हा दोघांना थोड्या दिवसांसाठी डेनट्रीच्या जंगलात, समुद्राजवळच्या एका लहानशा लॉजवर नेलं. केर्न्सहून गाडीनं उत्तरेला शंभरेक किलोमीटर गेलं की डेनट्री नदी लागते. नदीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस आहे. तिथंही पूर्वी जंगलच होतं, ते तोडून ऊस लावला. नदी ओलांडली की ऊस संपतो आणि जंगल सुरू होतं ते थेट पुळणीपर्यंत. पुळणीपुढे समुद्र आणि समुद्रात ग्रेट बॅरिअर रीफ. रीफ १९८१ पासून आणि जंगल १९८८ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि दोन्ही वारसे भरतीच्या रेषेला एकमेकांना टेकलेले आहेत.

या नदीवर पूल नाही. पोलादी दोरांच्या आधारानं सरकणारी फेरीबोट आहे, गाड्या चढवून पाचेक मिनिटांत पलीकडे सोडते. धोपावे-दाभोळ फेरीनं वर्षानुवर्षं गेलेल्या माणसाला ती बोट ओळखीचीच वाटते. पूल बांधावा का, यावर तिथंही वाद होतात, पण अजून फेरीच चालू आहे. नदीपलीकडे मुख्य वीजवाहिनीही नेलेली नाही. घरं आणि लॉज सौर पॅनेल, बॅटऱ्या आणि जनरेटरवर चालतात. आमच्या लॉजवर खोल्या खांबांवर उचललेल्या, छताला पंखा, वातानुकूलन नाही, मोबाइलला रेंज नाही. पाणी ओढ्याचं आणि पावसाचं साठवलेलं. बाथरूममध्ये एक साधी सूचना लावली होती की केस वाळवायचं यंत्र लावू नका, बॅटरी उतरते. रात्री दिवे मालवले की बेडकांचा आवाज एवढा, की खोलीतल्या खोलीत मोठ्यानं बोलावं लागे.

माझ्या पत्नीला तिथं परकं वाटलंच नाही. पुळणीवर उंडीची झाडं होती, तीच, आपल्या वेळणेश्वरच्या किनाऱ्यावर असतात ती. तिनं खाली पडलेली उंडीची फळं उचलून लेकीला दाखवली आणि आपल्याकडे या बियांच्या तेलाचे दिवे जळायचे ते सांगितलं. केवडा होता, पारोसा भेंड होता, करंज होता. खाडीच्या तोंडाला कांदळ होतं, लाकडी पुलांवरून आत फिरता येत होतं. काट्यांचे आकडे असलेला वेत तर आपल्या वेताचा सख्खा भाऊच, शर्टाला अडकला की मागे येऊन सोडवावा लागतो. पाऊसही आपल्यासारखा मुसळधार, फक्त तो डिसेंबर ते एप्रिलमध्ये पडतो. या सगळ्या ओळखीमुळेच पुढची हकीकत मला जास्त लागली.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला क्वीन्सलँड राज्याच्या मंजुरीनं नदी आणि केप ट्रिब्युलेशन यांच्यामधल्या सखल जंगलाचे अकराशेहून अधिक भूखंड पाडले गेले. बहुतेक एकेक हेक्टरचे. जंगल उभं होतं आणि त्यावर रेघा मारल्या गेल्या. जाहिराती झाल्या, देशभरातल्या लोकांनी न पाहता तुकडे घेतले. मग मातीचे रस्ते पाडले, कुणी घर बांधलं, कुणी तसंच ठेवलं. १९८३ च्या डिसेंबरमध्ये केप ट्रिब्युलेशनपासून उत्तरेकडे ब्लूमफील्डपर्यंत रस्ता कापायला बुलडोझर आले तेव्हा माणसं यंत्रांसमोर गळ्यापर्यंत स्वतःला पुरून घेऊन बसली, झाडांना साखळ्यांनी बांधून घेतलं. रस्ता पुढच्या वर्षी झालाच. पण त्या आंदोलनाचं नाव जगभर झालं आणि राज्य सरकारचा विरोध असूनही केंद्रानं १९८८ मध्ये हे जंगल वारसा यादीत नेलं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहितो आहे ती. वारसा यादीची रेषा खासगी भूखंडांना वळसा घालून गेली. सरकारी जंगल आत, विकलेले तुकडे बहुतांशी बाहेर. आणि सर्वांत जुनं, सर्वांत विविध असं सखल भागातलं जंगल नेमकं त्या तुकड्यांवर होतं. मग १९९० च्या दशकात केंद्रानं आणि राज्यानं पैसे घालून ते भूखंड परत विकत घ्यायला सुरुवात केली. २००४ च्या सुमारास राज्यानं उरलेल्यांपैकी पुष्कळ ठिकाणी बांधकामाला मनाई केली आणि भरपाईची तरतूद केली. रेनफॉरेस्ट रेस्क्यू नावाची संस्था लोकांच्या वर्गणीतून आजही एकेक भूखंड विकत घेते, त्यावरचं तण काढते, झाडं लावते आणि ती जमीन पुन्हा कधी तोडली जाणार नाही अशी कागदोपत्री सोय करते. लॉजच्या मालकीणबाई अशाच एका भूखंडावर राहतात. त्यांनी आम्हाला रस्त्याकडेचे भूखंड दाखवले. हा परत घेतला, हा अजून नाही, इथं घर, तिथं कुत्री मोकळी सुटलेली. मी मोजणीच्या कामात हयात घालवली, पण केलेली फाळणी पुसायला एवढा पैसा आणि एवढा काळ लागतो हे मी प्रथमच डोळ्यांनी पाहिलं.

तुकड्यांनी नेमकं काय बिघडतं, हे कॅसोवरीकडे पाहिलं की कळतं. माणसाएवढा उंच पक्षी, उडता न येणारा, काळा, निळ्या मानेचा, डोक्यावर शिंगासारखा तुरा. आम्ही गाडी थांबवून पाहत होतो तेव्हा एक नर पट्ट्यापट्ट्यांच्या पिल्लांना घेऊन रस्ता ओलांडत होता. अंडी नर उबवतो आणि पिल्लंही तोच महिनोन्‌महिने सांभाळतो. हा पक्षी मोठमोठी फळं अख्खी गिळतो आणि मैलभर लांब जाऊन बी टाकतो. काही झाडांची बी एवढी मोठी की दुसरं कोणी ती उचलूच शकत नाही. तो संपला तर ती झाडं हळूहळू त्याच जागी म्हातारी होत जातील. त्याला मारणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोनच, वेगातल्या गाड्या आणि पाळीव कुत्री. दोन्ही घरांबरोबर येतात. एका हेक्टरवर एक घर म्हणजे थोडंच जंगल गेलं असं कागदावर वाटतं, पण रस्ता, कुत्रा, कुंपण आणि दिवा मिळून त्या घराचा प्रभाव कितीतरी लांब पोहोचतो.

आपल्याकडे हेच काम ककणेर, म्हणजे धनेश पक्षी, करतो. उंबर, पिंपरी, काजरा यांची फळं खाऊन तो एका देवराईतून दुसऱ्या देवराईत जातो. घरट्याला त्याला जुन्या, जाड बुंध्याच्या झाडातली ढोल लागते, आणि असं झाड आता बहुतेक गावांत देवाच्या जागेतच उरलं आहे. मधले सगळे डोंगर प्लॉटिंगला गेले तर देवराई राहील, तिच्यातला पक्षी राहणार नाही.

आणि आपली परिस्थिती डेनट्रीपेक्षा नाजूक आहे, कारण आपलं जंगल सरकारी नाही. २०१२ मध्ये पश्चिम घाटाची ३९ ठिकाणं वारसा यादीत आली, त्यांत महाराष्ट्राची चार, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. किनाऱ्यालगतची राई, सडे, खाजणं त्यात नाहीत. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बहुतेक झाडी खासगी सातबाऱ्यावर आहे, एकेका गटाला वीस-पंचवीस हिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबईला. सड्याची नोंद तर पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, म्हणून असते, म्हणून तो सर्वांत आधी आणि सर्वांत स्वस्तात विकला जातो. वास्तविक त्याच कातळात पावसाचं पाणी मुरतं आणि खालच्या वाडीच्या विहिरींना मे महिन्यात पुरतं. त्याच कातळावर कोरलेली शिल्पं आहेत, ज्यांची नोंद २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत झाली. १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे, पण तो शेत कसण्याजोगं राहावं म्हणून केलेला आहे. जंगलाचा तुकडा किती लहान झाला की ते जंगल उरत नाही, याचा विचार आपल्या कुठल्याच मोजणीत होत नाही.

यात आता रेवस-रेडी सागरी महामार्गाची भर पडते आहे. खाड्यांवर पूल होणार, फेऱ्या थांबणार. मी पुलाच्या विरोधात नाही. डेनट्रीपलीकडे थोडकी वस्ती आहे. आपल्याकडे खाडीच्या दोन्ही काठांना गावंच्या गावं आहेत, आणि बाळंतीण घेऊन रात्री फेरी बंद असताना तवसाळच्या धक्क्यावर उभं राहण्याची वेळ कुणावरही येऊ नये. पूल व्हावेत. पण पूल ज्या दिवशी खुला होईल त्याच्या किती तरी आधी पलीकडच्या जमिनीचे व्यवहार उरकलेले असतात, हे मी माझ्या नोकरीत पाहिलेलं आहे. मोजणीचे अर्ज एकाएकी वाढले की समजावं, रस्त्याची बातमी गावाआधी एजंटाला लागली.

म्हणून माझं म्हणणं असं की गावानं आपली हद्द पुलाआधी ठरवावी. गाव नकाशावर देवराई, सडा, पऱ्याचे उगम, कांदळवन आणि ककणेराच्या घरट्यांची झाडं ग्रामसभेनं खुणा करून ठरावानं कायम करावीत. त्या खुणांच्या आत लेआउटला मंजुरी मिळणार नाही असं शासनानं लेखी मान्य करावं. कायद्यात सोय आहे. जैवविविधता कायद्याखाली वारसा स्थळ जाहीर करता येतं, आणि वन्यजीव कायद्यात खासगी व गावाच्या जमिनीसाठी समुदाय राखीव क्षेत्राची तरतूद आहे, जमीन मालकाचीच राहते. हिस्सेदारांना त्याचा मोबदला मिळाला पाहिजे, हेही तितकंच खरं. ज्याच्या हिश्श्याला वर्षाकाठी आंब्याच्या चार पेट्या येतात, त्याला एजंट लाखांची रक्कम दाखवतो. त्याला निसर्गप्रेमाचे धडे देऊन काही होणार नाही. महामार्गाच्या खर्चातला अगदी लहानसा वाटा बाजूला काढला तरी आज गुंठ्याचे जे भाव आहेत त्यात पुष्कळ सडे आणि राया राखता येतील. आणखी पाच वर्षांनी तेवढ्या पैशात एक गटही येणार नाही.

उत्पन्नाचाही प्रश्न सुटू शकतो. मंडणगड तालुक्यातलं वेळास पाहा. कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला माणसं दर वर्षी येतात, गावातल्या घरांत राहतात, पोळी-भाजी आणि मोदक खातात, पैसे गावातच राहतात. आम्ही डेनट्रीत लॉजला जे दिले ते नदी, जंगल आणि कॅसोवरी जागेवर आहेत म्हणून दिले. तिथल्या मूळ रहिवाशांनीही, ईस्टर्न कुकू यलंजी लोकांनी, आपला हक्क मिळवला आहे. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये डेनट्री राष्ट्रीय उद्यानासह १ लाख ६० हजार हेक्टरहून अधिक जमिनीची मालकी त्यांना परत मिळाली, कारभार ते राज्याबरोबर मिळून पाहतात. मॉसमन गॉर्जला त्यांच्यातली तरुण मुलं पाहुण्यांना जंगलात नेतात. आमच्या बरोबरच्या मुलानं सुरुवातीला ओल्या पाल्याचा धूर केला, आम्हाला त्यातून चालवलं, मग कुठल्या झाडाची साल कशाला लावायची आणि कुठल्या पानाला अजिबात हात लावायचा नाही ते सांगितलं. आमच्या गावच्या गुरवाला आणि धनगरवाडीतल्या जाणत्यांना आपल्या राईबद्दल याहून कमी माहिती नाही. त्यांना कुणी विचारत नाही एवढंच.

आपल्या वर्तमानपत्राला माझी विनंती आहे की सागरी महामार्गाचा मार्ग ज्या गावांतून जातो त्या गावांची यादी, आणि त्या गावांत गेल्या दोन-तीन वर्षांत मंजूर झालेल्या बिनशेती लेआउटचं क्षेत्र तालुकावार छापावं. ही माहिती तहसीलदार कचेरीत आणि नगररचना विभागात असते, माहितीच्या अधिकारात मिळते. लोकांना आकडे दिसले तर ग्रामसभेत बोलायला धीर येतो.

आमच्या वाडीच्या वरच्या सड्यावर हद्दीचे नवे दगड बसले आहेत. पुढच्या ग्रामसभेत गाव नकाशा घेऊन मी हा विषय मांडणार आहे. मोजणीचं काम असेल तर आसपासच्या गावांनीही हाक मारावी, मी येईन आणि पैसे घेणार नाही.

आपला वाचक,
एक निवृत्त भूकरमापक
ता. गुहागर, जि. रत्नागिरी