तारीख घेतली आहे

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर बाबा ‘बघू’ म्हणतात आणि फोन तुझ्या हातात देतात, आई. म्हणून हे लिहिते आहे. दोघांनी वाचा. बाबा, चष्मा लावून आणि शेवटपर्यंत.

बाबा, तुमच्या गळ्यातल्या थायरॉइडच्या गाठीच्या ऑपरेशनची तारीख दादाने आणि मी घेऊन टाकली आहे. तुम्हाला न विचारता. आता रागवायचं तर रागवा, पण माझे टॉन्सिल काढायचे ठरलं तेव्हा मला तरी कुणी विचारलं होतं? आइस्क्रीमचं आमिष दाखवलंत आणि उचलून नेलंत. रात्रभर मात्र स्टुलावर बसून होतात, माझा अंगठा धरून.

तुमचं म्हणणं, थायरॉइडचं रक्त नॉर्मल आहे, मग कॅन्सर कसला? अहो, त्या रक्ततपासणीतलं टीएसएच ग्रंथीचं काम कसं चाललंय ते सांगतं, गाठीत काय आहे ते नाही. आणि खालच्या काकू आयोडीनच्या औषधाने बऱ्या झाल्या, कारण त्यांचा कॅन्सर थायरॉइडच्याच पेशींचा होता. त्या पेशी आयोडीन ओढून घेतात. तुमच्या गाठीतल्या पेशी स्नायूच्या आहेत. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत असतात तसल्या, आपल्या हुकमाशिवाय चालणाऱ्या स्नायूच्या. तिथूनच हे सुरू झालं असावं, असं डॉक्टर म्हणाले. नाव लायोमायोसार्कोमा. त्याला आयोडीन लागू पडत नाही.

रिपोर्टला वेळ लागला तोही यामुळेच. बारीक सुईच्या तपासणीत नुसत्या लांबट पेशी दिसल्या. थायरॉइडचा अ‍ॅनाप्लास्टिक कॅन्सरही कधी कधी तसाच दिसतो, आणि त्याची उपचारांची वाट वेगळी. म्हणून जाड सुईची बायोप्सी केली आणि तिचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, परळला टाटामध्ये दाखवला. स्नायूच्या खुणा, एसएमए आणि डेस्मिन, पॉझिटिव्ह आल्या. थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये दिसतात त्या खुणा, थायरोग्लोब्युलिन आणि सायटोकेरॅटिन, निगेटिव्ह. अख्ख्या शरीराचा पेट स्कॅन केला तो हे दुसरीकडून तर आलेलं नाही ना, कुठे पसरलं तर नाही ना, हे बघायला. छातीत काही नाही. आई, हे वाक्य तू दोनदा वाच.

हा आजार इतका विरळा आहे की जगभरात मोजक्याच नोंदी आहेत. केमोवर फार भिस्त ठेवता येत नाही. पूर्ण ग्रंथी काढणं हाच मुख्य उपाय, आणि तो गाठ श्वासनलिकेला चिकटायच्या आत. ती भराभर वाढते आहे. शर्टाचं वरचं बटण लागेना तेव्हा लाँड्रीवाल्याने कॉलर आटवली म्हणून त्याच्याशी भांडलात, आठवतं ना?

आवाजाची भीती आहे, ते मला कळतं. न बोलताही कळतं. आवाजाची नस ग्रंथीच्या मागूनच जाते; ती जपायचा पूर्ण प्रयत्न करू, असं डॉक्टर म्हणाले. काही दिवस घोगरा होईल कदाचित. यंदा आरती दादा म्हणेल, तुम्ही त्याच्या चुका काढा.

ठाण्याच्या घराचे, नौपाड्याचे तीन जिने चढणं-उतरणं आता नको. खारघरला माझ्याकडे लिफ्ट आहे, रेडिएशन लागलंच तर टाटाचं इथलं केंद्र जवळ आहे. पूर्वेची खोली रिकामी केली आहे. कमोडशेजारी दांडी बसवली. आई, देव्हारा आण, तुझ्या ओट्यावर मी लुडबुड करणार नाही. तलावपाळीसारखी संध्याकाळ इथे नाही, ते मान्य. पण सेंट्रल पार्क आहे, आणि शेंगदाणे मिळतात.

आता नीट ऐका. ऑपरेशननंतर थायरॉइडची गोळी रोज, कायमची, उपाशीपोटी. चहा त्यानंतर अर्ध्या तासाने. हो बाबा, साडेपाचचा चहासुद्धा. कॅल्शियमची गोळी दिली तर या गोळीनंतर चार तासांनी. ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या तर ‘उगीच कशाला त्रास’ म्हणून गप्प बसायचं नाही, लगेच सांगायचं. रक्त पातळ व्हायची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, कधी थांबवायची ते डॉक्टर सांगतील. गावच्या वैद्यांचा काढा पिशवीत लपवून आणू नये. आई, मी पिशव्या तपासणार आहे.

रविवारी नऊला गाडी घेऊन येते. आधार कार्ड, सगळ्या फायली, स्कॅनच्या सीड्या आणि बाबांचे सैल गळ्याचे सदरे काढून ठेवा. कुंड्यांना पाणी घालायला शेजारच्या वहिनींना मी सांगितलं आहे.

तुमची,
ठमी