डेट्रॉइटच्या मतदाराचीही बातमी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकी काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, सदस्य श्री ठाणेदार यांच्यावरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. चिकोडीत जन्म, बेळगावात शिक्षण, भाभा अणुसंशोधन केंद्रातली नोकरी, १९७९ मध्ये अमेरिका, पुढे स्वतःची कंपनी आणि मग राजकारण, हा प्रवास आम्हा बेळगावकरांना तोंडपाठ आहे आणि त्याचा अभिमानही आहे. खटकले ते एवढेच की, मिशिगन राज्यातल्या ज्या डेट्रॉइट शहरातून ते निवडून येतात, ते त्या लेखात फक्त सर केलेल्या गडासारखे येते. गडावर राहते कोण आणि २०२२ साली तिथल्या मतदारांच्या हातून काय गेले, याबद्दल एक ओळही नाही.

डेट्रॉइटमध्ये चारपैकी तीन रहिवासी कृष्णवर्णीय आहेत. ठाणेदारांनी जानेवारी २०२३ मध्ये सूत्रे घेतली तेव्हा १९५५ नंतर पहिल्यांदाच या शहरातून एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये नव्हता. १९५५ चे महत्त्व कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीयांना मतदार यादीत नाव घालणेही मुश्कील होते. मोटारींच्या कारखान्यांत कामाला म्हणून जी कुटुंबे उत्तरेला डेट्रॉइटला आली, त्यांना इथे मत देता येत होते. त्या मतांवर १९५४ मध्ये चार्ल्स डिग्ज निवडून आले. पुढच्याच वर्षी मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या खुनाचा खटला चालला, तेव्हा डिग्ज स्वतः तिथे जाऊन न्यायालयात बसले. ज्या राज्यात त्यांच्या रंगाच्या माणसाला मतपेटीपर्यंत पोहोचू दिले जात नव्हते, तिथे हा काँग्रेस सदस्य म्हणून गेला होता! १९६४ मध्ये याच शहरातून जॉन कॉन्यर्स निवडून आले. १९६५ च्या काँग्रेसमध्ये एकूण सहा कृष्णवर्णीय सदस्य होते आणि त्यातले दोन एकट्या डेट्रॉइटचे. माँटगोमेरीच्या बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा न सोडणाऱ्या रोझा पार्क्स यांनी कॉन्यर्स यांच्या डेट्रॉइट कार्यालयात १९८८ पर्यंत नोकरी केली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाने राष्ट्रीय सुट्टी असावी, हे विधेयकही प्रथम कॉन्यर्स यांनीच मांडले, किंग यांच्या हत्येनंतर अवघ्या काही दिवसांत.

हे दोघे धुतल्या तांदळासारखे होते, असा माझा दावा नाही. डिग्ज आर्थिक गैरव्यवहारात दोषी ठरले आणि १९८० मध्ये पायउतार झाले. कॉन्यर्स यांना २०१७ मध्ये लैंगिक छळाच्या आरोपांनंतर राजीनामा द्यावा लागला. पण शहराच्या बोलण्याला देशात वजन आले ते या जागांमुळे, हे नाकारता येणार नाही.

मग ही परंपरा तुटली कशी? ठाणेदारांनी काही वावगे केले म्हणून नाही. ते मिशिगनमधलेच ॲन आर्बर शहर सोडून डेट्रॉइटमध्ये राहायला आले, २०२० मध्ये तिथूनच राज्याच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेले आणि २०२२ च्या प्रचारात त्यांनी स्वतःचे लाखो डॉलर ओतले. खरी लढत ऑगस्टमधल्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात होती, कारण या मतदारसंघात तो पक्ष नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत हरत नाही. रिंगणात नऊ उमेदवार होते, बहुतेक कृष्णवर्णीय. एकाच नावावर एकमत व्हावे म्हणून शहरातील ज्येष्ठ नेत्यांनी खटपट केली, राज्य सिनेटर ॲडम हॉलियर यांना पुढे केले, पण बाकीचे मागे हटेनात. ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर जिंकले आणि हॉलियर काही टक्क्यांनी मागे राहिले. मतविभागणी कशाला म्हणतात हे सीमाभागातल्या मराठी माणसाला समजावून सांगायला नको. २०१८ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्र एकीकरण समितीच्या गटबाजीने आम्हाला एकही आमदार मिळू दिला नाही. डेट्रॉइटच्या रडारडीवर आपल्याकडचे काही जण हसतात, त्यांनी तेवढे आठवावे.

इथे निवडणुकीच्या नियमाचा एक भाग फार बोलका आहे. मिशिगनमध्ये प्राथमिक निवडणुकीला दुसरी फेरी नसते. ज्याला सर्वाधिक मते, तो विजयी. जॉर्जियात पन्नास टक्के मते न मिळाल्यास पहिल्या दोघांत पुन्हा मतदान होते. ऐकायला हे अधिक लोकशाहीचे वाटते, पण १९६० च्या दशकात तो नियम आणण्यामागे भीती अशी होती की, गोऱ्यांची मते चार-पाच जणांत फुटतील आणि कृष्णवर्णीयांनी एकजुटीने मत दिलेला उमेदवार निसटता जिंकून जाईल. ज्या आमदाराने तो पुढे रेटला, त्या डेन्मार्क ग्रूव्हर यांनी पुढे आपला हेतू वांशिक होता हे मान्यही केले. आणि काळाचा विनोद पाहा: जानेवारी २०२१ मध्ये जॉर्जियाने आपला पहिला कृष्णवर्णीय सिनेटर, राफाएल वॉर्नॉक, याच दुसऱ्या फेरीत निवडला. म्हणजे एका राज्यात दुसरी फेरी असूनही जे रोखायचे होते ते रोखता आले नाही, आणि दुसऱ्या राज्यात ती नसल्याने जे राखायचे होते ते राखता आले नाही.

दुसरे कारण मतदारसंघांच्या सीमांचे. २०१८ च्या सार्वमताने मिशिगनमध्ये सीमा आखण्याचे काम आमदारांकडून काढून नागरिकांच्या स्वतंत्र आयोगाकडे दिले गेले. सुधारणा चांगलीच होती. पण आयोगाने डेट्रॉइटचे तुकडे करून ते गोऱ्या वस्तीच्या उपनगरांना जोडले. पूर्वी काँग्रेसचे दोन मतदारसंघ कृष्णवर्णीय बहुसंख्येचे होते. नव्या नकाशात त्या दोन्हींत हे प्रमाण निम्म्याखाली आले. राज्याच्या विधिमंडळाच्या नकाशात हाच प्रकार इतका उघड होता की, डिसेंबर २०२३ मध्ये तीन न्यायाधीशांच्या संघीय खंडपीठाने डेट्रॉइट परिसरातले १३ मतदारसंघ घटनाबाह्य ठरवले आणि फेरआखणी करायला लावली. काँग्रेसचा नकाशा मात्र तसाच राहिला.

माझे मत विचाराल तर प्रतिनिधीचा रंग मतदाराच्या रंगाशी जुळलाच पाहिजे, असे मी मानत नाही. डेट्रॉइटचा मतदारही मानत नाही. त्याने २०१३ पासून लागोपाठ तीन वेळा माइक डगन या गोऱ्या महापौराला निवडले. २०२४ मध्ये त्याने कृष्णवर्णीय नगरसेविका मेरी वॉटर्स यांच्या विरोधात ठाणेदारांना निम्म्याहून अधिक मते दिली, त्यामुळे त्यांच्यावर आता ‘फुटीचा फायदा’ हा शिक्का मारणेही बरोबर नाही. हॉलियर त्या वेळी रिंगणातच नव्हते, कारण त्यांच्या उमेदवारी अर्जावरच्या पुरेशा सह्या वैध ठरल्या नाहीत. उलट २०२२ मध्ये मिशिगनमधून काँग्रेसमध्ये गेलेले एकमेव कृष्णवर्णीय सदस्य होते रिपब्लिकन पक्षाचे जॉन जेम्स, तेही शेजारच्या गोऱ्या बहुसंख्येच्या मतदारसंघातून, सोळाशेच्या आसपास मतांनी. एका कृष्णवर्णीय माणसाने जागा मिळवली म्हणून डेट्रॉइटच्या मतदाराला आपली जागा परत मिळाल्यासारखे वाटले असेल का? मला नाही वाटत. बाबासाहेबांनी पुणे करारानंतर वर्षानुवर्षे हेच तर बजावले होते: राखीव जागेवर अस्पृश्य समाजाचा माणूस बसेल, पण त्याला निवडणारे कोण? मतदाराला आपल्या पसंतीचा माणूस निवडून आणता येतो का, हा त्यांचा प्रश्न १९६५ च्या अमेरिकी मताधिकार कायद्याच्या केंद्रस्थानीही आहे. आणि १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिताना दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य त्यांनी स्वतःच नोंदवले होते.

त्या मताधिकार कायद्याचे पुढे काय झाले, हेही आपल्या वाचकांपर्यंत नीट पोहोचलेले नाही. मतदानातल्या भेदभावाबाबत ज्या भागांचा इतिहास वाईट, त्यांनी निवडणूक नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायची, ही त्यातली सर्वात धारदार तरतूद. जून २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती निष्प्रभ केली, आणि त्याच दिवशी टेक्सासने मतदानासाठी ओळखपत्र दाखवण्याचा अडवून ठेवलेला नियम लागू करत असल्याचे जाहीर केले. अलाबामात सत्तावीस टक्के लोकसंख्या कृष्णवर्णीय असूनही सातपैकी एकच मतदारसंघ त्यांच्या हाती होता. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कान उपटल्यावरही विधिमंडळाने दुसऱ्या मतदारसंघात कृष्णवर्णीयांचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपासच ठेवणारा नकाशा दिला. शेवटी न्यायालयाने सीमा आखून घेतल्या, तेव्हा २०२४ मध्ये त्या दुसऱ्या मतदारसंघातून कृष्णवर्णीय उमेदवार शोमारी फिगर्स निवडून आले.

पण निवडून येऊनही हाती काही न राहण्याचा अनुभव डेट्रॉइटला आहे, आणि आम्हालाही. मिशिगनमध्ये आर्थिक अडचणीतल्या शहरांवर राज्य सरकार आपत्कालीन व्यवस्थापक नेमत असे. महापौर, नगरसेवक नावापुरते. मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये सार्वमताने तो कायदा रद्द केला. डिसेंबरात विधिमंडळाने तसाच दुसरा आणला, आणि त्यात निधीची तरतूद घुसडली, कारण निधीच्या कायद्यावर सार्वमत घेता येत नाही. मार्च २०१३ मध्ये डेट्रॉइटवर व्यवस्थापक आला. एक वेळ अशी होती की, मिशिगनमधली निम्मी कृष्णवर्णीय जनता अशा व्यवस्थापकांच्या अमलाखाली होती. फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला आणि नळाला शिशाचे पाणी आले, तेही व्यवस्थापकाच्याच काळात. बेळगाव महापालिकेने २००५ मध्ये महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव केला म्हणून ती बरखास्त झाली होती. निवडून दिलेल्यांचे काय होते, ते आम्ही तेव्हा पाहिले आहे.

म्हणून विनंती एवढीच. ठाणेदारांच्या पुढच्या प्राथमिक निवडणुकीची बातमी देताना त्यांच्यासमोर कोण उभे आहे, ते काय मागत आहेत, मतदारसंघाच्या सीमा कशा आहेत, हेही छापावे. ठाणेदारांची मुलाखत आपण घेणारच असाल, तर डेट्रॉइटच्या एखाद्या नगरसेवकाचीही घ्या. आणि मताधिकार कायद्याची काढून घेतलेली धार परत आणणारे, नागरी हक्क चळवळीतले नेते जॉन लुईस यांच्या नावाचे विधेयक प्रतिनिधिगृहात २०२१ मध्ये मंजूर होऊन सिनेटमध्ये अडले. त्यासाठी ठाणेदार काय करत आहेत, हा प्रश्न मराठीत विचारला तर तेही मराठीत उत्तर देतील.

आपला,
एक जुना वाचक, बेळगाव