तेलात ‘क’ नको, ‘बी-१२’ घाला

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

खाद्यतेलाच्या पिशवीवरील ‘प्लस एफ’ हे चिन्ह त्यात अ आणि ड जीवनसत्त्वे मिसळल्याची खूण असते. ही दोन्ही तेलात विरघळतात, म्हणून ते काम सोपे. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे तेलात घालायची तर मायक्रोइमल्शनची वाट धरावी लागते. त्यात जीवनसत्त्वाच्या द्रावणाचे काही नॅनोमीटर व्यासाचे थेंब लेसिथिनसारख्या पायसकाच्या (तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणाऱ्या पदार्थाच्या) वेष्टनात तेलभर पसरलेले असतात. थेंब इतके बारीक की तेल दुधाळ न होता नितळच दिसते आणि थरही वेगळे होत नाहीत. लेसिथिन सोयाबीन तेलाच्या डीगमिंगमध्ये, म्हणजे कच्च्या तेलातील चिकट द्रव्ये काढताना, निघणाऱ्या गाळातूनच मिळते, त्यामुळे आमच्या लातूर भागातील तेल उद्योगाला या तंत्राचे आकर्षण वाटले तर नवल नाही.

मात्र अशा तेलाचा विचार निघाला की पहिले नाव क जीवनसत्त्वाचे घेतले जाते, आणि तिथेच हिशेब चुकतो. शुद्धीकृत तेलात ओलावा ०.१ टक्क्याहून अधिक चालत नाही, म्हणजे किलोभर तेलात जेमतेम एक ग्रॅम पाणी. तेवढ्या पाण्यात क जीवनसत्त्व फार तर एक तृतीयांश ग्रॅम विरघळते. माणशी रोजचे २० ग्रॅम तेल धरले, तर पोटात सहा-सात मिलिग्रॅम जाणार. गरज ८० मिलिग्रॅमच्या आसपास. त्यातही फोडणीच्या आचेवर किती टिकेल, हा प्रश्न उरतोच. अर्धा पेरू याहून कितीतरी अधिक देतो, तोही पायसकाशिवाय. लोहाचे क्षार घालण्याचा विचार तर नकोच, कारण त्यांनी तेल लवकर खवट होते.

बी-१२ ची गोष्ट वेगळी आहे. त्याची रोजची गरजच दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणून किलोमागे शंभर मायक्रोग्रॅम पुरेसे होतात आणि त्यासाठी पाण्याचा अंशही खूप झाला. शिवाय गरज खरी आहे: पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात पुण्याजवळच्या खेड्यांतील निम्म्याहून अधिक गर्भवतींमध्ये बी-१२ कमी आढळले होते. बी-१२ मिळते ते दूध आणि सामिष अन्नातून; पण दूध बेताचे आणि सामिष क्वचित, अशा घरांतही तेल रोज लागतेच.

हे तेल तळणीसाठी नव्हे, हे मात्र स्पष्ट छापले पाहिजे. कढईत लेसिथिन काळपटते, फेस येतो आणि बी-१२ चाही काही भाग नष्ट होतो. शेंगदाण्याच्या चटणीवर, ठेच्यावर वा भाकरीबरोबरच्या तिखटावर कच्चे तेल घेण्याची आपली रीत इथे उपयोगी पडेल. बी-१२ ला प्रकाश सोसत नाही, तेव्हा पारदर्शक बाटल्या टाळाव्यात. आणि क जीवनसत्त्व त्याच थेंबात घालू नये, कारण ते बी-१२ चे विघटन घडवू शकते.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा तेलाला परवानगी देताना कारखान्यात घातलेले प्रमाण ग्राह्य न धरता, मुदत संपण्याच्या दिवशी पिशवीत उरलेले आणि फोडणीनंतर शिल्लक राहणारे, असे दोन्ही आकडे वेष्टनावर मराठीत छापणे बंधनकारक करावे, अशी विनंती आहे.

आपला,
तेल-तंत्रज्ञानाचा एक निवृत्त शिक्षक, लातूर