काकूंची ट्रंक आणि काकांच्या वहाणा

इचलकरंजी,
कोजागरी पौर्णिमा

प्रिय नाना,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुझे पत्र मिळाले. काकूंचे वर्षश्राद्ध झाल्यावर राजापूरच्या घराची आवराआवर तू हाती घेतलीस आणि माळ्यावरची लोखंडी ट्रंक उघडल्यापासून तुझे काम अडले आहे, हे वाचून मला नवल वाटले नाही. भांडी भावंडांत वाटता येतात, पुस्तके वाचनालयाला देता येतात. ज्या कपड्यांत आपण आईवडिलांना रोज पाहिले, त्यांचे काय करायचे हे मात्र चटकन ठरत नाही. "एवढे जुने ठेवून करायचे काय?" हा वहिनींचा प्रश्न रास्त आहे, कारण मुंबईच्या घरातील जागेचा हिशेब त्यांनाच सांभाळावा लागतो. तुझी ओढही तितकीच रास्त आहे. कापडाच्या धंद्यात माझे आयुष्य गेले म्हणून तू माझा सल्ला विचारला आहेस, तर माझे मत आधीच सांगून टाकतो. ठेवावे, पण जे ठेवशील ते वापरात ठेव आणि वापरणे शक्य नसेल तर निदान हाताळत राहा. बंद ट्रंकेत, प्लास्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षे जपलेले कापड अंगावर वापरलेल्या कापडाच्या आधी विरते, हे मी इतक्या घरांत पाहिले आहे की त्याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही.

तू लिहितोस की ट्रंकेत वरच एक हिरवे इरकली लुगडे निघाले, त्याला मधोमध आडवी शिवण आहे आणि फाटके समजून ते पुसायच्या फडक्यांत टाकायचे ठरले आहे. नाना, ते आजच्या आज बाजूला काढ. ते दंड घातलेले लुगडे आहे. नऊवारी लुगडे झिजते ते बसण्याच्या जागी आणि काष्ट्यापाशी. पदर आणि दुसरे टोक मात्र चांगले राहते. मग घरातली बाई विरलेला भाग कापून काढी, उरलेली दोन्ही टोके एकमेकांना जोडी, आणि लांबीला कमी पडले तर दुसऱ्या लुगड्याचा धड तुकडा मध्ये घाली. ते लुगडे खिडकीच्या उजेडात धरून पाहा. दोन्ही कडा आत दुमडून घातलेले टाके उलट्या बाजूनेच दिसतील, आणि शिवण काठावर आली आहे तेथे काठाच्या रेघा एकमेकींना बहुधा सुताइतक्याही चुकलेल्या नसतील. एकेक रेघ बोटाने जुळवत, दुपारची झोप मोडून केलेले हे काम आहे. घरात नवे घेण्याची ऐपत नव्हती हे त्यातून कळते, हे खरे. पण नेसल्यावर ती शिवण निऱ्यांच्या आत जावी आणि चारचौघींत दिसू नये, एवढा विचार करून ती जागा निवडलेली असे, हेही कळते. काकूंची माझ्या आठवणीतली नीटनेटकी राहणी या एका शिवणीत जशी दिसते तशी ती कोणत्याही फोटोत दिसणार नाही. मधून काढलेला तुकडाही वाया गेला नसेल. तो तुझ्या नाही तर ताईच्या दुपट्यात गेला असेल, कारण तान्ह्या मुलाला नवे कापड टोचते म्हणून पहिले झबले-दुपटे मऊ झालेल्या जुन्या लुगड्याचेच करण्याची आपल्याकडे रीत होती.

हे लुगडे धुऊन, खळ न घालता, वाळवून ठेव. सुती कापडाला कसर लागते ती बहुतेक वेळा खळीपायी, कारण त्या किड्याचे अन्नच पिष्ट आहे. कडक इस्त्री करून, खळ घालून ठेवलेल्या साड्या घडीवर कुरतडल्या जातात त्याचे कारण हेच.

आता पैठणीविषयी. या बाबतीत मी तुला हात जोडून सांगतो की जुन्या जरीच्या साड्या विकत घेणाऱ्या माणसाला ती दाखवूसुद्धा नकोस. काकूंच्या लग्नातली पैठणी म्हणजे तिची जर चांदीच्या तारेवर सोन्याचे पाणी दिलेली असण्याची शक्यता मोठी. घेणारा माणूस तराजूत वजन करतो, चांदीचा अंदाज बांधून रोख पैसे हातावर ठेवतो आणि साडी जाळून राखेतून चांदी काढून घेतो. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतल्या पैठण्या आणि शालू अशा रीतीने गेले आहेत. विणकराने महिनेन् महिने मागावर बसून एकेका मोराचे रंग हाताने भरले, आणि त्या सगळ्याचा भाव शेवटी राखेतल्या चांदीवर ठरला, याचे मला आजही फार वाईट वाटते.

पैठणी वर्तमानपत्रात गुंडाळलेली आहे असे तू लिहिले आहेस. तो कागद आधी काढ, त्यातले आम्ल रेशमाला आणि जरीला दोघांनाही खाते. प्लास्टिकही नको, कारण कोकणातल्या हवेतली ओल त्यात कोंडून राहते. धुवून धुवून मऊ झालेले पांढरे मलमल किंवा जुने धोतर घे आणि त्यात ती गुंडाळ. डांबराच्या गोळ्या जरीला लागता कामा नयेत. त्याऐवजी वेखंडाची पुरचुंडी बांधून ट्रंकेच्या कोपऱ्यात ठेव. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दर तीन-चार महिन्यांनी पैठणी उघडून, सावलीत वारा देऊन, तिची घडी बदल. रेशीम एकाच रेषेवर वर्षानुवर्षे दुमडलेले राहिले की त्या रेषेवर ते उलते, आणि तसे उललेले रेशीम जगातला कोणताही रफूगर पूर्ववत करू शकत नाही. पूर्वी नवरात्राच्या पूजेला, हळदीकुंकवाला, घरातल्या लग्नाला बायका वर्षातून दोनचारदा ही वस्त्रे नेसत, आणि त्या निमित्ताने घडी आपोआप बदलत असे. माझे ऐकशील तर या दिवाळीत तुझ्या लेकीला ती नेसू दे. एखाद्या ठिकाणी सूत ताणले जाईल ही भीती सोड. भीतीपोटी न नेसलेली पैठणी तिच्या मुलीच्या हाती घड्यांवर तुटलेल्या पट्ट्यांच्या रूपात येईल.

उरलेली साधी सुती लुगडी चार-पाच तरी असतील. त्यांची गोधडी करून घे. विरत आलेल्या सुती कापडातून सुई सहज जाते, थरावर थर नीट बसतो आणि धावदोरा ओढला तरी चुणी पडत नाही; म्हणून गोधडीला जुनेच कापड लागते. त्यात टेरिकॉटची साडी मात्र घालू देऊ नकोस. ती निसरडी असते, थर सरकतात, आणि घाम शोषला जात नसल्यामुळे उन्हाळ्यात ती गोधडी अंगावर नकोशी होते. राजापूरकडे गोधड्या शिवून देणाऱ्या बायका अजून असतील. त्यांना मजुरी घासाघीस न करता दे, कारण एका गोधडीत हाताचे हजारो टाके असतात.

काकांचा लोकरी कोट ठेवायचा असेल तर तो आधी स्वच्छ करून घ्यावा लागेल. लोकर खाणारी अळी कोऱ्या भागापेक्षा कॉलर, काख, बाही अशा घामाच्या आणि अन्नाचे डाग पडलेल्या जागी आधी लागते. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कोट, इतर कपडे आणि टंकलेखनयंत्र जपून ठेवले आहे. लोकांनी त्या वस्तू जिवापाड सांभाळल्या, तरीही कपडे टिकावेत म्हणून पुढे तज्ज्ञांकडून त्यांवर रासायनिक प्रक्रिया करून घ्यावी लागली. ज्या कपड्यांमागे एवढा मोठा समाज उभा आहे त्यांची ही गत, तर आपल्या माळ्यावरच्या कोटाकडे आपण किती लक्ष द्यायला हवे, याचा विचार कर. कोट तुझ्या अंगाला येत असेल तर थंडीत घालत जा.

पादत्राणांबद्दल तू शेवटी दोनच ओळी लिहिल्या आहेस, पण त्या लिहिताना तू थबकला होतास हे मला जाणवले. फिरायला जाण्यासाठी काकांना तू आणलेले बूट त्यांनी 'नवे आहेत' म्हणून खोक्यातच ठेवले, आणि परवा ते उचलताच तळ भुसभुशीत होऊन तुकड्यातुकड्यांनी हातात आला. उंदरांनी कुरतडले असावेत असे तुला वाटते. ते उंदरांचे काम नाही. असे हलके, मऊ तळ पॉलियुरेथेन नावाच्या फेसाचे असतात आणि हवेतल्या ओलाव्याने त्या पदार्थाची रचना आतून तुटत जाते. चालताना तळ दाबला जातो आणि आतली ओल हलत राहते, म्हणून वापरातला जोडा पुष्कळदा टिकतो आणि खोक्यात कोंडलेला आधी जातो. तेव्हा काकांनी ते बूट घातले असते तर बरे झाले असते, यापलीकडे त्यात कुणाचा दोष नाही. ते आता मनावर दगड ठेवून टाकून दे.

त्यांच्या कोल्हापुरी वहाणांचे मात्र तसे नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले कातडे, थरावर थर ठेवून कातड्याच्याच वादीने शिवलेला तळ. त्यात न सांधता येण्याजोगे असे काहीच नाही. अंगठा तुटला तर नवा घालता येतो, टाच झिजली तर थर चढवता येतो. पावसाळ्यात पांढरी बुरशी आली असेल तर ओल्या फडक्याने पुसू नकोस, कोरड्या कापडाने झाड, दोन दिवस सावलीत वाऱ्याला ठेव आणि मग थोडे तेल बोटाने चोळून जिरव. 2019 साली या वहाणांना भौगोलिक मानांकन मिळाले आणि महाराष्ट्रातले चार व कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आले, याचा आम्हा इकडच्या लोकांना अभिमान आहे. पण त्या शिवणाऱ्या आणि सांधणाऱ्या हातांना काम मिळत राहिले तरच त्या मानांकनाला अर्थ राहील.

गेलेल्या माणसाच्या वहाणा घालू नयेत असे तुझ्या आत्याने सांगितले, असे तू लिहितोस. तेराव्याला आपण वहाणा आणि छत्री दान देतो, त्या नव्या. ज्यांत त्यांची पावले उमटली आहेत त्या जुन्यांचे काय करायचे हे कुणीच सांगत नाही, म्हणून त्या वर्षानुवर्षे दाराआड पडून राहतात. आत्याच्या भावनेचा मला आदर आहे, पण माझे मत वेगळे आहे. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतल्या तुरुंगात स्वतःच्या हातांनी चपलांचा एक जोड केला आणि 1914 साली तो देश सोडताना ज्यांनी त्यांना तुरुंगात घातले त्या जनरल स्मट्स यांना तो भेट दिला. पुढे 1939 साली गांधीजींच्या सत्तरीनिमित्त लिहिलेल्या लेखात स्मट्स यांनी सांगितले की इतक्या थोर माणसाच्या पादत्राणांत उभे राहण्याची आपली योग्यता नाही असे वाटत असूनही आपण कित्येक उन्हाळे त्या चपला वापरल्या. मला यात विशेष वाटते ते हे, की त्यांनी त्या काचेच्या कपाटात ठेवल्या नाहीत. मुलाच्या पायाला बापाची वहाण आली की त्याला मित्रासारखे वागवावे असे आपल्याकडे म्हणतात, आणि काकांनी तुला तसेच वागवले होते. माप जुळत असेल तर तू त्या घाल.

जे ठेवायचे नाही त्याबद्दल एकच कळकळीची विनंती. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात आमच्या या भागात बाहेरगावाहून मदतीचे ट्रक आले. अन्न आणि औषधे लोकांच्या कामी आली, पण फाटके, मळके, बटणे तुटलेले कपडे रस्त्याच्या कडेला ढिगाने पडून राहिले आणि पुढच्या पावसात भिजून कुजले. ज्यांचे सारे घर वाहून गेले होते त्यांनी ते उचलले नाहीत, आणि ते योग्यच केले. तेव्हा जे देशील ते धुऊन, बटणे लावून, दुरुस्त करून, चपला-बूट असतील तर त्यांचे जोड बांधून दे. 1999 पासून काम करणारी गूंज ही संस्था जुने कपडे नीट निवडून गावोगावी पोहोचवते, आणि वापरण्याजोगे नसलेले सुती कापड स्वच्छ करून त्यापासून मासिक पाळीसाठी घड्या तयार करते. तिच्याकडे दिलेस तर चिंधीसुद्धा कामी येईल. दारावर बोहारीण येत असेल तर तिलाही दे. तिच्याशी पातेल्यासाठी फार ओढाताण करू नकोस. आपण टाकलेले कपडे धुऊन, सांधून, इस्त्री करून पुन्हा कुणाच्या तरी अंगावर चढवणे हे कष्टाचे काम ती आणि तिची माणसे पिढ्यान् पिढ्या करत आली आहेत.

ऊन आता चांगले पडू लागले आहे, तेव्हा ट्रंक रिकामी करून आतून पुसून उन्हात ठेव. तळाला गंज दिसला तर घासून काढ आणि कपडे पुन्हा ठेवण्याआधी जाड सुती कापड अंथर, नाहीतर गंजाचे डाग कपड्यांवर उतरतात आणि ते निघत नाहीत. मी तुळशीच्या लग्नानंतर राजापूरला येतो. मलमल आणि रेशमाचा दोरा माझ्याकडे आहे, तो घेऊन येईन, आणि पैठणीच्या घड्या आपण दोघे मिळून पाहू. काकांच्या वहाणांना काही सांधायचे असेल तर त्या एस.टी.च्या पार्सलने आधीच पाठव. माझ्या माहितीचा कोल्हापूरचा कारागीर दिवाळीच्या गर्दीनंतरच हे काम हाती घेतो, म्हणून त्याच्याकडे त्या लवकर पोहोचलेल्या बऱ्या. हिरव्या लुगड्याला मी येईपर्यंत कुणाला कात्री लावू देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार सांग आणि मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा, ही विनंती.

तुझाच,
बाळ