करडईची चुलत बहीण

फिनिक्स, अमेरिका, ऑक्टोबर

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार,

परवा इथे घर घेतल्याचं सांगितलं तेव्हा बाबा नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन तुझ्याकडे दिला, आई. तेव्हापासून मला धड झोप नाही. पाच वर्षांत परत येते म्हणाले होते, ते विसरलेले नाही. पण चिऊची शाळा, ह्यांची नोकरी, भाड्यात जाणारे पैसे, सगळ्याचा विचार करूनच सही केली. आधी तुमच्याशी बोलायला हवं होतं, हे खरं.

घर बैठंच बघितलं, बाबांच्या गुडघ्यांसाठी. न्हाणीघरात धरायला दांडा लावलाय. चहा तुमच्या वेळेला, पाचलाच होईल.

बाबा, मागच्या अंगणात आर्टिचोक लावलंय. बोंड बघून तुम्ही करडईच म्हणाल. एकाच कुळातली आहेत दोघी. फक्त हिचं बोंड मुठीएवढं, आणि फूल उमलायच्या आत तेच उकडून खायचं. एकेक पाकळी ओढून दातांनी गर काढायचा, शेवग्याच्या शेंगेसारखा. आतला केसाळ भाग टाकून द्यायचा, खालचा गड्डा सगळ्यात गोड. पीक रब्बीचंच. आत्ता रोपं लावली. डिसेंबर-जानेवारीत १० अंशांखालच्या रात्री मिळाल्या की मार्च-एप्रिलमध्ये बोंडं धरतात. इथे थंडी बेताची, म्हणून पहिल्याच वर्षी धरणारं 'इंपीरियल स्टार' वाण घेतलं. उन्हाळ्यात झाड वाळतं, पण मुळं जगली तर पावसाळ्यानंतर पुन्हा फुटतं. खणताना फूटभरावर चुनखडी लागली, थेट आपल्या माळासारखी. पहारीने फोडताना तुम्ही डोळ्यांपुढे होतात. करडईत काटे टोचले की मला खांद्यावर घेऊन बांधापर्यंत आणायचात ना?

तेव्हा मेमध्ये यायचं नाही. मागच्या खेपेला उन्हामुळे तुम्ही दोघं महिनाभर खिडकीशी बसून होतात, ते मला बघवलं नाही. २०२३ मध्ये तर इथे सलग ३१ दिवस पारा ४३ च्या वर होता. नोव्हेंबरअखेर या, बोंडं खाऊनच जा.

बीपीच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. व्हीलचेअर सांगून ठेवतेय, बाबांनी नको म्हणायचं नाही. आई, डब्यांचं ओझं करू नकोस. आणि करडईचं बी पिशवीत घालू नका, विमानतळावर काढून घेतात.

या पत्राचं उत्तर मात्र बाबांनीच लिहायचं.

तुमची,
माई